एकशे एकसष्टावं पान

शेवंती घाडीच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, ती ते शेवटाकडून उघडते. आधी मागची पानं अंगठ्याखालून सोडते, मग मधली, आणि पुढचं रंगीत पान सगळ्यात शेवटी, तेही मन झालं तर. गणपतीला गावी आमच्या वाडीत आली की भजनाच्या वहीशीही तिचं हेच वागणं. लोक हसतात. ती हसू देते.

ही सवय तिला बाइंडिंगनं लावली. मुंबईत चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक छापखाना आहे. तिथं तिनं सत्तावीस वर्षं पुस्तकं बांधली. उन्हाळ्यात शाळेच्या वह्या, दिवाळीआधी कॅलेंडरं, आणि जुलै-ऑगस्टात कंपन्यांचे वार्षिक अहवाल. ज्यांनी कंपनीचे शेअर घेतलेत त्यांना कंपनी वर्षाचा हिशेब पुस्तक छापून पाठवायची, तो हा अहवाल. पुढं चकचकीत कागदावर अध्यक्षांचा फोटो, हिरवी झाडं, हसणारे कामगार. मागं बारीक टाइपात आकडे. हे मागचे आकडे ऑडिटरच्या सहीसाठी अडकून राहायचे, म्हणून मागचे फर्मे अगदी शेवटच्या घटकेला, घाईत छापून यायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. घाईत एखादा फर्मा उलटा लागायचा, एखादा दोनदा लागायचा, एखादा गळायचा. चूक झाली तर मागंच व्हायची. म्हणून शेवंती मागून तपासायची. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून पान गळालेलं एकही पुस्तक बाहेर गेलं नाही. हे ती स्वतः सांगत नाही. छापखान्याचे मालक देवदत्तशेठ सांगतात, आणि कुणाबद्दल चांगलं बोलायला शेठना फार कष्ट पडतात.

तिचे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा शेवंती सोळा वर्षांची होती. परळची खोली गेली, आणि कुटुंब चारकोपच्या सेक्टरमधल्या बैठ्या घरात आलं. तेव्हा तिथं संध्याकाळी कोल्हे ओरडायचे असं ती सांगते. वडील वर्षभर ओट्यावर बसून राहिले. कुणी विचारलं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. गिरणीच्या शेवटच्या वर्षी अर्धे माग झाकून ठेवले होते, कापूस येत नव्हता, तरी साहेबांच्या कागदावर नफा दिसला. कसा दिसला? मागच्या अंगाचं गोदाम जमिनीसकट विकलं होतं. "कापडाचो नफो नाय तो," वडील म्हणायचे, "जमिनीचो." ऐकणारा मान डोलवायचा आणि उठून जायचा. शेवंती ऐकत बसायची, कारण तिला उठून जायला जागा नव्हती.

तिनं लग्न केलं नाही. भावाची दोन मुलं तिच्याच मांडीवर वाढली. मग भाऊ गेला, भावजय मुलीकडे राहायला गेली, आणि पुतण्या नितेश बायकोला घेऊन गल्लीच्या पलीकडच्या घरात राहू लागला. मार्चमध्ये शेवंतीनं काम सोडलं. कंपन्यांनी अहवाल छापणंच कमी केलं होतं, सगळं फोनवर जात होतं, आणि तिचा उजवा गुडघा आठ तास उभं राहायला तयार नव्हता. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अकरा लाख चाळीस हजार हातात आले. तेवढंच. पेन्शन म्हणाल तर महिन्याला दोन हजारांच्या आतली. हे अकरा लाख नीट राहिले तर म्हातारपण ओट्यावर बसून जाईल, आणि बुडाले तर त्या गुडघ्यावर पुन्हा बाइंडिंगच्या टेबलापाशी उभं राहावं लागेल. ही गोष्ट तिला रोज सकाळी उठताना आठवायची, कारण उठताना गुडघा आठवण करून द्यायचा.

नितेश अंधेरीला एका विमा कंपनीच्या कचेरीत आकडे भरायचं काम करतो. बोलायला फटकळ, मनानं चांगला. शेअर बाजाराचं वेड त्याला करोनाच्या वर्षी लागलं. मे महिन्यातल्या एका रविवारी तो ओट्यावर येऊन बसला.

"आत्ये, बँकेत ठेवलेले पैसे सडतायत तुझे."

"सडूंदेत. माझ्या डोळ्यासमोर सडतायत."

"ऐक तरी. नुसता भाव बघून शेअर स्वस्त की महाग कळत नाही. पन्नासचा शेअर महाग असतो, पाचशेचा स्वस्त असतो."

"मगे बघायचं काय?"

"एका शेअरमागे कंपनी वर्षाला किती कमावते ते. भावाला त्या कमाईनं भागायचं. अठरा आलं, तर एक रुपयाच्या कमाईसाठी तू अठरा रुपये मोजतेस."

शेवंतीनं थोडा विचार केला. "म्हणजे माड विकत घेण्यासारखं. वर्षाला किती नारळ देतो ते बघून माडाची किंमत."

"हां, तसंच. आता समज दोन कंपन्या आहेत, दोघींचं अठराच. एकीची कमाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढते, दुसरीची छत्तीसनं. कुठली घेशील?"

"छत्तीसवाली. कोवळो माड. दर वर्षी नारळ वाढत जातले."

"बरोब्बर. म्हणून त्या अठराला वाढीच्या आकड्यानं परत भागायचं. पहिलीचं आलं तीन, दुसरीचं आलं अर्धा. एकाच्या खाली आलं की ढोबळ मानानं स्वस्त, एकाच्या बरंच वर गेलं की महाग. ह्याला पीईजी म्हणतात."

"एवढंच? आणि ह्याच्यासाठी टीव्हीवर माणसं टाय लावून बसतात?"

नितेश हसला, पण शेवंतीला गोडी लागली. दहावी तिनं रात्रशाळेतून केली होती, आणि आकडे तिला घाबरवत नसत. जून-जुलै तिनं वहीत भागाकार करण्यात घालवले. भाव भागिले कमाई, भागिले वाढ. नितेश नावं सांगायचा, ती वहीत मांडायची, आणि तीन-चारवर गेलेल्या कंपन्यांवर फुली मारायची. तिच्या नावावर शेअरचं खातं उघडलं, फोनमध्ये अॅप आलं. पिन तिनं स्वतः ठरवला आणि नितेशलाही सांगितला नाही.

"माझ्याच सल्ल्यानं पैसे घालणार आणि पिन माझ्यापासून लपवतेस," नितेश म्हणाला.

"सल्लो येगळो, पिन येगळो."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नितेशनं ती कंपनी आणली. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. विजेच्या वायरी बनवणारी होती, म्हणून आपण तिला वायरवाली म्हणू. भाव पाचशे अठ्ठावीसच्या आसपास. एका शेअरमागे कमाई गेल्या वर्षी वीस रुपये, यंदा एकोणतीस. म्हणजे वाढ पंचेचाळीस टक्के. भाव थोडा उतरून पाचशे बावीसला मिळाला, तर भागाकार नेमका अठरा येत होता. अठरा भागिले पंचेचाळीस, शून्य पूर्णांक चार.

"पॉइंट फोर, आत्ये. अशी रोज मिळत नाही. पुढच्या आठवड्यात तिमाहीचे आकडे येतील, मग भाव उडेल. आठ लाख घाल."

"आठ?"

"मग काय आठशे?"

शेवंतीनं भागाकार तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तेच आलं. तरी ती म्हणाली, "मला त्यांचं पुस्तक बघायचंय."

"कसलं पुस्तक?"

"अहवाल. पुस्तक न बघता मी पैसे घालत नाय."

"अगं, अॅपवर सगळं आहे. एकशे शहाण्णव पानांची पीडीएफ कोण वाचतं?"

"फोनवर मला वाचता येत नाय. कागद हवा. रेवतीकडून काढून आणते."

रेवती वानखेडे गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान चालवते. मूळची बुलढाण्याकडची, चाळिशीची, तोंडानं सडेतोड. गुरुवारी तिच्या मशीनची शाई संपली होती, ती शुक्रवारी सकाळी अकराला यायची होती. नितेशला शुक्रवारपलीकडे थांबायचं नव्हतं. शेवटी शुक्रवारी सव्वानऊला कामावर जाता जाता तो शेवंतीकडे आला, आणि तिनं पाठ फिरवून पिन घातला. ऑर्डर लागली, पंधराशे बत्तीस शेअर, भाव पाचशे बावीस. बाजारात तेव्हा पाचशे एकोणतीस चालू होता. दिवसभरात भाव बावीसपर्यंत उतरला तर शेअर आपोआप घेतले जाणार, नाही तर राहिलं.

"तू पुस्तक वाचत बस," नितेश चप्पल घालताना म्हणाला. "तोपर्यंत मिळाले तर मिळाले."

असं पुस्तक हातात यायच्या आधीच ती हो म्हणाली. भागाकार स्वतःच्या हातानं केलेला होता, आणि स्वतःच्या हातावर तिचा फार विश्वास होता.

दुपारी बाराला ती रेवतीकडून कागद घेऊन आली. पाठपोट छापलेले, दोनशे चौऱ्याण्णव रुपये झाले. मशीन मध्येच दोनदा अडकलं होतं, त्यामुळे कागद पुढंमागं झालेले. शेवंतीनं जेवण बाजूला ठेवलं, लादीवर चादर अंथरली आणि पानं जुळवायला बसली. टोचा, जाड दोरा आणि मेणाचा तुकडा तिनं छापखान्यातून निघताना शेठना सांगून आणले होते. बाजूनं टोच्यानं पाच भोकं पाडून शिवायचं, की पुस्तक तयार. वाचायचं ते नंतर, आरामात.

नेहमीप्रमाणे तिनं मागून मोजायला सुरुवात केली. एकशे शहाण्णव, एकशे पंच्याण्णव. असं उतरत उतरत ती एकशे त्रेसष्टवर आली, आणि त्याच्याखाली एकदम एकशे साठ. मधला एक कागद नव्हता. चादर झटकली, पिशवी उलटी केली. नव्हता.

दुसरी कुणी असती तर शिवून मोकळी झाली असती. शेवंतीनं फोन पिशवीत टाकला, कुलूप लावलं, आणि गुडघा सांभाळत पुन्हा गल्लीच्या तोंडाशी गेली. दोन वाजून गेले होते.

"काकी, एकशे शहाण्णव पानांतलं एक गेलं तर काय बिघडतं?" रेवती म्हणाली. "वाचणार तुम्ही एकट्या."

"पान गळालेलं पुस्तक मी शिवत नाय. तू मशीन उघड."

"आता जेवायला बसणार होते मी."

"जेव की. आधी मशीन उघड."

रेवतीनं पुटपुटत मागचं झाकण काढलं. कागद आत गुंडाळून बसला होता, पंख्याच्या घडीसारखा चुरगळलेला. शेवंतीनं तो काउंटरच्या काचेवर ठेवला, तळहातानं दाबून सपाट केला. खाली आकडा बघितला. एकशे एकसष्ट. मग वरची ओळ बघितली, कारण नुसता आकडा बघून भागत नाही, मजकूर मागल्या पानाशी जुळायला हवा. आदल्या पानावर हिशेबाची सव्विसावी टीप संपली होती, इथं सत्ताविसावी सुरू होत होती. बरोबर होतं. सत्ताविसावी टीप इतर उत्पन्नाची. बँकेचं व्याज. भंगार विक्री. आणि तिसरी ओळ. इंग्रजी तिला सावकाश वाचता येतं. तिनं बोट ठेवून वाचलं. प्रॉफिट ऑन सेल ऑफ लँड. पुढं आकडा, बावीस कोटी. मागच्या वर्षाच्या खान्यात नुसती आडवी रेघ.

ती बोट तिथंच ठेवून उभी राहिली.

"काय झालं?" रेवतीनं विचारलं.

"जमीन विकली ह्यांनी."

"मग विकू देत. तुमची होती का?"

"कॅल्क्युलेटर दे."

वायरवालीचा यंदाचा नफा अठ्ठावन्न कोटी. गेल्या वर्षीचा चाळीस. हेच दोन आकडे घेऊन अॅपनं पंचेचाळीस टक्के वाढ काढली होती. शेवंतीनं अठ्ठावन्नातून बावीस वजा केले. छत्तीस. करबिर तिनं बाजूला ठेवला, ढोबळच धरलं. वायरी विकून कंपनीनं छत्तीस कोटी कमावले होते, आणि गेल्या वर्षी चाळीस. शेअर दोन कोटी. म्हणजे एका शेअरमागे अठरा रुपये, एकोणतीस नव्हेत. पाचशे बावीस भागिले अठरा. कॅल्क्युलेटरवर एकोणतीस आले.

"रेवती, एका रुपयाला अठरा नाय, एकोणतीस मोजत होते मी. आणि वाढ म्हणशील तर वाढ नाहीच. घट. त्याला भागायचं कशानं?"

"मला काही कळत नाहीये, काकी."

"माड तोडून लाकूड विकलं, आणि वहीत लिवलं की यंदा नारळ जास्त लागले."

एवढं रेवतीला कळलं. शेवंतीला मात्र त्याच घटकेला दुसरं काही आठवलं, आणि तिचा हात पिशवीतल्या फोनकडे गेला. ऑर्डर. सकाळपासून ऑर्डर उभी होती.

नितेशला तीनदा फोन लावला. उचलला नाही. त्याच्या कचेरीत कामावर बसताना फोन कपाटात ठेवावा लागतो, चहाला सुटला की हातात घेतो, आणि चहा चारला. बाजार साडेतीनला बंद होतो. अॅपमध्ये पिन घालण्यापलीकडे शेवंतीनं कधी काही केलं नव्हतं.

"तू कर गं," तिनं फोन रेवतीपुढं धरला. "मला येत नाय."

रेवतीनं दोन्ही हात मागं घेतले. "तुमच्या पैशाला मी हात लावणार नाही. उद्या काही झालं तर नाव माझं. मी सांगते, बोट तुमचं."

"बरं, सांग."

"आधी पिन घाला."

"तू तिकडे बघ."

रेवती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अॅप उघडलं. वायरवालीचा भाव पाचशे तेवीस रुपये चाळीस पैसे. ऑर्डर बावीसची.

"खाली ऑर्डर लिहिलंय बघा, तिथं दाबा. आता तुमची ओळ आली, ती दाबा. खाली दोन बटणं आहेत. निळं नाही, दुसरं. निळं नाही, काकी."

"कळलं गं, ओरडू नको."

"विचारतंय ना, नक्की का? हो दाबा."

शेवंतीनं दाबलं. चक्र फिरलं. चक्र फिरत होतं तेवढा वेळ दुकानासमोरून जाणारी रिक्षा, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, सगळं तिला लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. मग ओळ राखाडी झाली आणि तिच्यापुढं एक शब्द आला. तिनं तो अक्षर अक्षर वाचला, पुन्हा वाचला, आणि मग रेवतीकडून वाचून घेतला.

"कॅन्सल्ड," रेवती म्हणाली. "रद्द. झालं."

दुकानात कागदाच्या रिमांची थप्पी होती. शेवंती तिच्यावर बसली. बसताना गुडघा दुखला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते दुखणं बरं वाटलं, कारण आता त्याला विश्रांती देता येणार होती. रेवतीनं स्वतःचा डबा उघडला, अर्धी भाकरी आणि ठेचा तिच्यापुढं सरकवला. दोघी जेवू लागल्या.

तीनला दहा कमी असताना रेवतीनं सहज फोनकडे बघितलं. "काकी, पाचशे वीस झाला."

"झाला?"

"तुमचे घेतले गेले असते आता."

शेवंती हसायला लागली. तोंडात घास होता, म्हणून पदर लावला, आणि पदराआड ती बराच वेळ हसत होती. रेवतीला आधी वाटलं, रडतेय.

संध्याकाळी साडेसातला नितेश आला तो चपलांसकट आत.

"आत्ये, मिळाले ना? वीसला लागला होता भाव. मला दोनशे मिळाले, बावीसला."

"चपला काढ."

"मिळाले की नाही?"

"मी काढून टाकली ऑर्डर."

"काय? वेड लागलंय का तुला? मी इथं तीन महिने..."

तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. एव्हाना ते शिवून झालं होतं, पाच भोकांत, मेण लावलेल्या दोऱ्यानं. एकशे एकसष्टावं पान चुरगळलेलं असल्यामुळं आपोआप उघडत होतं. नितेशनं उभ्या उभ्या वाचलं. मग बसला. फोन काढून स्वतः वजाबाकी केली. शेवंतीनं त्याला घाई केली नाही.

"अॅपनं हे वगळलंच नाही," तो हळूच म्हणाला.

"अॅप पुढून वाचतं."

"वाट लागली असती, आत्ये. माझ्यामुळं."

"लागली असती. लागली नाय. जेवून जा, कुळथाची पिठी आहे."

"तुझे आजोबा असते तर..." असं काहीतरी ती म्हणणार होती, पण नितेशनं ताट घेतलं होतं आणि तो मान खाली घालून जेवत होता, म्हणून तिनं ते ठेवून दिलं.

सोमवारी त्यानं आपले दोनशे शेअर पाचशे सव्वीसला विकले. आठशे रुपये वर आले, त्यातले दोनशे चौऱ्याण्णव त्यानं न सांगता शेवंतीच्या डब्यात टाकले, झेरॉक्सचे म्हणून. त्याच आठवड्यात वायरवालीचे आकडे आले. या तिमाहीत विकायला जमीन नव्हती. आम्ही गणपतीला वाडीत जमलो तेव्हा भाव चारशे दहा होता, दिवाळीच्या आत साडेतीनशेच्या खाली गेला. शेवंतीनं त्यावर टाळी वाजवली नाही. ज्यांनी घेतले असतील त्यांच्यातलंही कुणी फंडाचेच पैसे घालून बसलं असेल, एवढंच म्हणाली.

भागाकार तिनं सोडले नाहीत. आठ लाखांतले सहा लाख पोस्टात ठेवले, आणि दोन लाख चार कंपन्यांत, थोडे थोडे करून, प्रत्येकीचं पुस्तक शिवून झाल्यावर. आता सेक्टरमधली दोन-चार माणसं रविवारी तिच्या ओट्यावर येतात. अॅपवरचं पीईजी दाखवतात. ती फोनकडे बघतही नाही. मागची चाळीस पानं काढून आणा म्हणते, आणि रेवतीचं दुकान दाखवते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला देवदत्तशेठचा फोन आला. मी त्या दिवशी तिच्याकडेच उतरलो होतो, म्हणून हे मी ऐकलेलं आहे.

"शेवंताबाई, कॅलेंडरांचं काम आलंय. साठ हजार प्रती. तुमच्यासारखा हात नाही इथं कुणाचा. दोन महिने या."

"नाही जमायचं, शेठ."

"उभं राहू नका, बसून करा. खुर्ची देतो."

"खुर्ची तुम्ही दर वर्षी देता. दुपारपर्यंत तिच्यावर कागद असतात."

पलीकडे शेठ हसले. "पैसे वाढवून देतो."

"पैसे आहेत माझ्याकडे," शेवंती म्हणाली. हे वाक्य तिनं असं सहज म्हटलं की म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं असावं. फोन ठेवून तिनं उजवा पाय ओट्यावर सरळ पसरला, गुडघ्याखाली उशी सरकवली, आणि मांडीवरच्या कागदांच्या गठ्ठ्याचं शेवटचं पान शोधायला लागली.